टाके काढल्यानंतरचे तीन महिने

टाके काढून झाले की टेबलवरून उतरता उतरता पेशंटचा प्रश्न ठरलेला असतो: "सिस्टर, आता अंगावर पाणी घेतलं तर चालेल ना?" त्यामागोमाग दुसरा, "परत यायला नको ना?" वण कसा राहील हे त्या दिवशी कुणी विचारत नाही. ते विचारायला माणसं दोन-अडीच महिन्यांनी येतात. तोवर छातीवरची रेष लालभडक, कडक झालेली असते, बोट फिरवलं तर उंचवटा लागतो आणि रात्री खाजवून खाजवून झोप उडालेली असते.

त्यांचंही काही चुकत नाही म्हणा. डिस्चार्ज कार्डावर टाके काढायची तारीख असते, गोळ्या असतात, फार तर 'जड उचलू नये' असतं. पुढचं कुणी लिहीत नाही. मी सर्जिकल वॉर्डात आणि ड्रेसिंग रूममध्ये नोकरी करून निवृत्त झाले. आजही सोसायटीतलं कुणी ना कुणी पदर किंवा बाही सरकवून वण दाखवायला येतं. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. वण सपाट राहणार की उठणार, हे आपल्या हातात जेवढं आहे तेवढं टाके निघाल्यानंतरच्या तीन महिन्यांत असतं, आणि नेमकं तेव्हाच आपण जखमेकडे बघायचं सोडतो.

आत काय चाललेलं असतं

वरून कातडी आठ-दहा दिवसांत जुळते, म्हणून आपल्याला वाटतं जखम भरली. आत मात्र काम नुकतंच सुरू झालेलं असतं. दोन आठवड्यांच्या जखमेत मूळ कातडीच्या दहा टक्केसुद्धा ताकद नसते. तीन महिन्यांनी ती ऐंशी टक्क्यांच्या आसपास पोचते आणि साधारण तिथेच थांबते, पूर्ववत कधीच होत नाही. या काळात शरीर जखमेत कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे भरत असतं, रफू करतात तसं. जखमेला सारखी ओढ बसली, आत जंतू राहिले, सूज रेंगाळली, तर धागे भरणं थांबतच नाही. त्या ढिगाला आपण जाड वण म्हणतो.

यात दोन जाती आहेत आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत. पहिली साधा जाड वण, डॉक्टर त्याला हायपरट्रॉफिक म्हणतात. तो महिना-दोन महिन्यांत वर येतो, कितीही वर आला तरी जखमेची हद्द सोडत नाही, आणि वर्ष-दोन वर्षांत बराचसा आपणहून बसतो. दुसरा केलॉइड. हा जखमेच्या बाहेर चांगल्या कातडीत पाय पसरतो, कधी कधी जखम भरून कित्येक महिने लोटल्यावर सुरू होतो, आणि आपणहून बसत नाही. पहिल्याला घरच्या काळजीने चांगला आवर घालता येतो. दुसऱ्याला घरात बसून हरवायचा प्रयत्न करू नका, वेळ जातो.

कुणी जास्त जपायचं

आईवडील, भावंडं यांच्यापैकी कुणाच्या अंगावर केलॉइड असेल तर तुम्ही पहिल्या रांगेत. दहा ते तीस या वयात धोका जास्त. सावळ्या, काळ्या कातडीत जास्त, म्हणजे आपण बहुतेक सगळेच आलो. आधीपासून असलेला केलॉइड गरोदरपणात वाढू शकतो.

जागेचाही फरक पडतो. छातीच्या मधोमध, खांदा, दंडाचा वरचा भाग, पाठीचा वरचा भाग, जबड्याची कड आणि कानाची पाळी या वाईट जागा. दंडावर लहानपणी बीसीजी टोचलेली जागा नीट बघा. तिथे सपाट खळगा असण्याऐवजी रबरासारखी चकचकीत गाठ असेल, तर तुमची कातडी काय करू शकते ते तिने आधीच सांगून ठेवलंय. ऑपरेशन ठरलं की ती जागा सर्जनना आवर्जून दाखवा. पापणी, तळहात, तळपाय इथे सहसा त्रास होत नाही.

जखम उघडी असताना

जखम जितकी लवकर आणि जितकी स्वच्छ भरेल तितका वण साधा राहतो, हे सूत्र धरून चाला. म्हणून हे दिवसही फुकट घालवायचे नाहीत.

"वारा लागू दे, सुकेल" हे आपल्याकडे सगळेच सांगतात. जॉर्ज विंटर नावाच्या शास्त्रज्ञाने 1962 साली डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने येते. तेव्हा खरचटलेलं असो की सोललेलं, साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, वर साधं पेट्रोलियम जेली लावा, चिकटणार नाही अशी पट्टी ठेवा आणि रोज बदला. जखमेवर टाकायची पावडर आणून तिचा थर चढवू नका, खाली घट्ट पापुद्रा धरतो आणि त्याखाली पू साचला तरी कळत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून बरं वाटतं, पण तो जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतो. खपली काढायची नाही. मुलांची नखं कापा, त्यांना सांगून उपयोग नसतो.

टाके वेळेवर काढून घ्या. चेहऱ्यावरचे पाच-सात दिवसांत, पोट, छाती, हातपाय इथले दहा ते चौदा दिवसांत निघतात. "सुट्टी नव्हती म्हणून राहिलं" म्हणत लोक आठ दिवस उशिरा येतात. मग रेषेच्या दोन्ही बाजूंना टाक्यांच्या भोकांचे ठिपके कायमचे राहतात आणि कधी तो एकेक ठिपकासुद्धा उठतो. घाईही नको. सांध्यावरचे टाके लवकर काढले तर जखम उसवते.

जेवणाबद्दल एक सांगायचंच आहे. भात खाल्ला की पू होतो, दही-दूध पांढरं म्हणून बंद, अंडं उष्ण म्हणून बंद, असं करत करत घरचे पेशंटला चहा-बिस्किटावर आणून ठेवतात. पू जंतूंमुळे होतो, भातामुळे नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात: डाळ, उसळ, अंडी, मासे, दूध, जे पचतं ते खा. साखर असेल तर ती काबूत ठेवा. तंबाखू बंद. मिश्रीसुद्धा तंबाखूच, हे मला आयाबायांना दर वेळी वेगळं सांगावं लागायचं, कारण "मी कुठे तंबाखू खाते?" असं त्या अगदी खऱ्या मनाने म्हणायच्या.

टेप: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

कागदी टेप, ज्याला सगळे मायक्रोपोर म्हणतात, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. टाके काढल्यावर रेष कोरडी असेल, कुठून लस येत नसेल, तर त्याच दिवसापासून ही लावायची. हिचं काम जखमेवरची ओढ कमी करायचं. सिझेरियन झालेल्या बायकांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या एका अभ्यासात बारा आठवडे टेप लावलेल्यांत जाड वण कमी दिसले.

लावायची पद्धत अशी. जागा धुऊन टिपून कोरडी करा, तेल किंवा क्रीम नको. रेषेहून दोन्ही टोकांना बोटभर जास्त लांबीची पट्टी कापा आणि तिचे कोपरे गोल करा, म्हणजे कपड्यात अडकून उचकटत नाहीत. एका हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने रेषेच्या दोन्ही कडा हलकेच एकमेकींकडे आणा, चिमटा काढायचा नाही, आणि दुसऱ्या हाताने टेप रेषेच्या लांबीला धरून तिच्यावर बसवा. टेप स्वतः ताणून लावू नका, कडेला फोड येतात. मग तिला विसरा. अंघोळ तिच्यावरूनच करा आणि टॉवेलने टिपा. तीन-चार दिवसांत कडा सुटू लागल्या की बदला. काढताना पाण्याने भिजवा आणि रेषेच्या दिशेने, कातडीला समांतर, सावकाश सोडवा. आडवी खस्सकन ओढली तर इतके दिवस जे सांभाळलं तेच ओढलं जातं. हे बारा आठवडे करा. टेपखाली पुरळ आलं, खाज सुटली तर दोन दिवस मोकळं सोडा. पुन्हा आलं तर टेप तुम्हाला मानवत नाही, सिलिकॉनकडे वळा.

सिलिकॉन

वण आटोक्यात ठेवायला ज्याचा आधार सगळीकडचे तज्ज्ञ पहिल्यांदा घेतात ते हे, आणि 1980 च्या दशकापासून भाजलेल्यांच्या वॉर्डात ते वापरात आहे. ते काही औषध सोडत नाही. वरून झाकून कातडीतला ओलावा टिकवतं आणि त्यामुळे खालचा धागे भरण्याचा उत्साह ओसरतो. त्याच्या पाकिटावर काय काय लिहिलेलं असतं ते सोडून द्या.

पट्टी आणि जेल अशा दोन प्रकारांत ते मिळतं. छाती, पोट, पाठ, मांडी इथे पट्टी बरी. चेहरा, मान, सांधे इथे जेल. दोन्ही फक्त पूर्ण भरलेल्या जखमेवर, ओल्या जखमेवर कधीच नाही. टाके निघून दोनेक आठवडे झाले की सुरुवात करा.

पट्टी दिवसातून निदान बारा तास अंगावर हवी आणि किमान तीन महिने. पण पहिल्याच दिवशी बारा तास लावाल तर आपल्या उन्हाळ्यात खाली घामोळं फुटेल. चार तासांपासून सुरू करा, दोन-दोन दिवसांनी वाढवत न्या. रात्रीचं आठ तास सहज जमतं. उरलेले तास दुपारी पंख्याखाली. पट्टी वणाहून चारही बाजूंनी थोडी मोठी कापा. मोठी पट्टी आणून लागेल तेवढी कापली तर पुरवठ्याला येते. रोज कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने बोटांनीच धुवा, झटका आणि चिकट बाजू वर ठेवून प्लास्टिकच्या झाकणावर वाळू द्या. टॉवेलने पुसलीत की त्याचे तंतू चिकटून तिचा चिकटपणा गेला म्हणून समजा. नीट धुतली तर एक पट्टी बरेच दिवस जाते.

जेल लावताना लोक हात सैल सोडतात. थेंबभर घ्या, पातळ थर पसरा, चार-पाच मिनिटं वाळू द्या, मगच कपडे. दिवसातून दोनदा. पांढरट पापुद्रे निघत असतील तर थर जाड झाला.

टेप आणि सिलिकॉन एकावर एक चढवायची गरज नाही. परवडेल त्याने सिलिकॉन घ्यावं, नाही त्याने टेपच नेटाने लावावी. मी तर म्हणेन, चार दिवस लावलेल्या महागड्या पट्टीपेक्षा तीन महिने लावलेली टेप कधीही बरी.

मालीशचा पुरावा या दोन्हींइतका पक्का नाही, पण कंड आणि ताठरपणा कमी होतो हे खरं. टाके निघून दोन-तीन आठवड्यांनी, रेष पूर्ण बंद असेल तरच, बोटावर थोडं साधं क्रीम घेऊन वण पांढुरका पडेल इतका दाब द्या आणि गोल, मग आडवं, मग उभं फिरवा. पाच-दहा मिनिटं, दोन वेळा. केलॉइडच्या गाठीवर मात्र रगडू नका, ती चेकाळते. आणि व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल फोडून चोळायची जी टूम आहे ती सोडा. 1999 साली अमेरिकेत त्याचा अभ्यास झाला, तेव्हा वणात सुधारणा दिसली नाहीच, वर एक तृतीयांश लोकांना त्या जागी पुरळ उठलं.

घासणं आणि ओढणं

हा भाग पुस्तकांत एका ओळीत संपतो. घराघरांत मात्र वण इथेच बिघडताना पाहिलेत.

हृदयाचं ऑपरेशन झालेल्या बायकांच्या छातीवरची रेष घ्या. तिच्या वर मंगळसूत्राच्या वाट्या दिवसभर हलतात आणि नेमक्या एका जागी घासतात. तिथेच रेष वर आलेली असते. मंगळसूत्र काढ म्हणून मी कधी कुणाला सांगितलं नाही, ते चाललंही नसतं. आखूड करून गळ्याशी आणा किंवा तीन महिने बारीक पोत घाला. दुसरं म्हणजे स्तनांचं वजन त्या रेषेला दोन्ही बाजूंना ओढतं. डॉक्टरांनी परवानगी दिली की पुढून बंद होणारी, मऊ, आधार देणारी ब्रा दिवसा घाला आणि झोपतानाही. ऑपरेशननंतर ब्रा नको म्हणून महिनोन्‌महिने तशाच राहणाऱ्या बायकांना ही ओढ कळतच नाही. पुरुषांनी छातीवर बनियनची शिवण कुठे येते ते बघावं.

सिझेरियनची रेष खाली असते, चड्डीचं इलॅस्टिक बरोबर तिच्यावर बसतं. बेंबीपर्यंत येणाऱ्या सैल सुती चड्ड्या घ्या. परकराची नाडी पित्ताशयाच्या किंवा बेंबीजवळच्या टाक्यांवर येते, ती वरखाली सरकवा. आपल्याकडे बाळंतिणीचं पोट जुन्या सुती लुगड्याने बांधतात, ते हळुवार बांधलं, रेषेवर गाठ किंवा घडी येऊ दिली नाही, तर ओढ कमी व्हायला मदतच होते. भीती आहे ती शेकशेगडीची. सिझेरियननंतर रेषेभोवतीची कातडी काही महिने बधिर असते. ओवा-शेपांचा धूर घेताना शेगडी किती जवळ आली ते तिथे कळत नाही आणि भाजल्यावरच लक्षात येतं. टाक्यांवर भाजलं तर त्याचा वण कसा होईल ते मी वेगळं सांगायला नको. शेक घ्यायचाच असेल तर पाठीला, पायांना घ्या, पोटाला नाही. मालीशवाल्या बाईलाही रेषेपासून चार बोटं लांब राहायला सांगा.

खांद्यावर टाके असतील तर बॅग दुसऱ्या खांद्यावर. सांध्यावर असतील तर डॉक्टरांना विचारूनच व्यायाम. ऊन वण उठवत नाही, पण नवा वण काळा पाडतं आणि तो काळेपणा वर्षानुवर्षं जात नाही. एक वर्षभर तो झाकलेला ठेवा किंवा तीस एसपीएफच्या वरचं सनस्क्रीन लावा.

भाजलेलं

भाजल्याबरोबर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. तीन तासांच्या आत केलं तरी फायदा असतो. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, कच्चं अंडं नको. पाण्याने भाजण्याची खोली कमी होते, आणि वण खोलीवर ठरतो. तीन आठवड्यांत न भरणारं भाजलेलं बहुतेक वेळा जाड वण ठेवून जातं. म्हणून दोन आठवडे झाले आणि जखम अजून ओलीच आहे असं दिसलं तर घरी ड्रेसिंग करत बसू नका, प्लास्टिक सर्जनकडे जा. तिथे कातडी बसवायची का ते ठरतं. भरल्यावर मापाचे घट्ट कपडे शिवून देतात, ते दिवसातले तेवीस तास घालायचे असतात, फक्त अंघोळीपुरते काढायचे, आणि असं कित्येक महिने. घट्टपणा गेला की नवे घ्यावे लागतात. मुलं रडतात, आयांचा जीव तुटतो. मानेवर, काखेत, कोपरात मात्र जीव तुटून चालत नाही, तिथे वण आखडला की हात वर जात नाही.

कान

बाराव्या दिवशी किंवा वर्षाच्या आत कान टोचायची आपली रीत या बाबतीत फायद्याची निघाली. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, अकराव्या वर्षानंतर टोचलेल्या कानांवर केलॉइड जास्त आढळले. त्यामुळे घरात केलॉइड असेल आणि कॉलेजात गेलेली मुलगी कानाच्या वरच्या कुर्चेत दुसरं-तिसरं भोक पाडायचं म्हणत असेल, तर तिला नाही म्हणा. भोकाजवळ वाटाण्याएवढी गाठ येऊन ती महिन्याभरात कमी झाली नाही, कडक वाटली, तर दागिना काढा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. सोनाराकडून पुन्हा टोचून घेऊ नका. बाजारात चुना आणि धुण्याचा सोडा लावून तीळ-चामखीळ घालवून देणारे बसतात, त्यांच्याकडून छातीवरचा तीळ जाळून घेऊन पुढे सुपारीएवढा केलॉइड घेऊन आलेले मी पाहिलेत. बिब्याचं तेलही तसंच, फोड आणतं.

कधी जायचं

आठवड्यातून एकदा वण उजेडात नीट बघा, मग डोळे मिटून त्यावर बोट फिरवा. रेष मागच्या वेळेपेक्षा कडक लागली, वर आल्यासारखी वाटली, लाली वाढली किंवा रात्री खाज सुटू लागली, तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नका. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन वणातच ट्रायअ‍ॅम्सिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. कोवळ्या वणात ते फार चांगलं काम करतं. दुखतं, हे खरं. त्या जागी कातडी पातळ किंवा पांढुरकी होऊ शकते, काही बायकांची पाळी पुढेमागे होते, मधुमेह्यांची साखर चढू शकते, म्हणून आधी सांगून ठेवा. मेडिकलवाल्याने दिलेली स्टेरॉइडची ट्यूब हा याला पर्याय नाही.

केलॉइड नुसता कापून काढायचा सल्ला कुणी दिला तर थांबा. नुसता कापला तर निम्म्याहून जास्त वेळा परत येतो, अनेकदा आधीहून मोठा. कापल्यानंतर इंजेक्शनं चालू ठेवणार का, किंवा एक-दोन दिवसांच्या आत रेडिएशन सुरू करणार का, कानाचा असेल तर दाबाची चाप देणार का, हे आधी विचारा. नीट उत्तर मिळालं तरच तारीख घ्या.

आणि पुढे कधी साधं गाठीचं ऑपरेशन ठरलं तरी फॉर्मवर 'पूर्वीचे आजार' असं जिथे असतं तिथे 'वण जाड होतो' असं लिहा. सर्जन चीर कुठल्या दिशेने द्यायची, आतून टाके कसे घालायचे आणि टाके काढण्याच्या दिवशी टेप द्यायची का, हे त्यावरून बदलू शकतात.